हुशारीचे १२० कप्पे

पुण्यात ‘पोरगं हुशार आहे’ म्हटलं की रोख बहुधा दहावीच्या टक्क्यांवर असतो. याच शहरात, सदाशिव पेठेत, आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी ही संस्था काढली ती मात्र बुद्धिमान मुलांतून नेतृत्व घडवायला. तिची शाळा, म्हणजे प्रशाला, १९६९ ची.

प्रबोधिनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी आधार घेतला तो अमेरिकेतल्या जे. पी. गिलफर्ड यांच्या मांडणीचा. बुद्धी ही एकसंध गोष्ट नाहीच, असं गिलफर्ड यांचं म्हणणं. ५ बौद्धिक क्रिया, ४ प्रकारचा आशय आणि ६ प्रकारची फलितं. गुणाकार केला की १२० क्षमता. (पुढे त्यांनी आकडा आणखी वाढवला, हे जरा अतीच झालं.)

पाच क्रियांपैकी एक तपासणारा त्यांचा गाजलेला प्रश्न साधा होता: विटेचे उपयोग सांगा. घर, भिंत, कट्टा ही तीन उत्तरं एकाच जातीची, सगळी बांधकामाची. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावायला, कागद उडू नयेत म्हणून ठेवायला, कुटून रंग करायला, असं सांगणारा दर वेळी वाट बदलतो. शाळेत गुण एकच अचूक उत्तर काढणाऱ्याला मिळतात. नोकरीत अडलेलं काम सोडवायला वाट बदलणाराही लागतो.

चार आशयांपैकी एक म्हणजे माणसांचं वागणं: समोरच्याचा चेहरा वाचणं, न बोललेली नाराजी ओळखणं. हिंजवडीत उत्तम प्रोग्रामर टीम लीड झाल्यावर गडबडतो तो बहुधा इथेच. ही क्षमता कागदावर पकडणं कठीण. ती दिसते चार जणांना घेऊन काम तडीस नेताना, मग ते गणपतीतलं ढोलपथक का असेना.