गरोदरपणातील वाढता रक्तदाब : वेळीच ओळखणे हाच उपाय

गरोदरपण हा आजार नव्हे. ती स्त्रीच्या आयुष्यातील स्वाभाविक अवस्था आहे. तथापि या काळात रक्तदाब वाढल्यास आई व बाळ या दोघांच्याही जिवाला धोका पोहोचतो. जगातील दर सहा-सात मातामृत्यूंपैकी एकाच्या मुळाशी हा विकार असतो. वेळीच निदान व उपचार झाल्यास यांतील बहुतेक मृत्यू टळू शकतात.

विकाराचे स्वरूप

गर्भधारणेच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास तो वाढलेला समजतात. १६०/११० ही पातळी तातडीच्या उपचारांची होय. वाढलेल्या रक्तदाबाबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास विकार गंभीर वळण घेत आहे, असे मानावे.

या विकाराचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर बाळाला पोषण व प्राणवायू कमी पडतो. परिणामी मूल कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते; कधी पोटातच दगावते. आईच्या मूत्रपिंडाला, यकृताला व मेंदूला इजा पोहोचते. काहींची वार प्रसूतीपूर्वीच सुटून रक्तस्राव होतो, तर काहींना आकडी येते.

फसवी लक्षणे

प्रारंभी स्त्रीला काहीच त्रास जाणवत नाही. पायांवरील सूज तर निरोगी गर्भवतीलाही येते. म्हणून प्रत्येक तपासणीत रक्तदाब मोजणे व लघवी तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिलटकरणीची विशेष काळजी

पहिल्या खेपेस हा धोका अधिक असतो. जुळे असल्यास, पूर्वीपासून रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असल्यासही तो वाढतो. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि नेमक्या याच सुमारास रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. गाव बदलले, प्रसंगी राज्यही बदलले, तरी तपासणीत खंड पडता कामा नये. ओटीच्या साहित्याबरोबर तपासणीचे कार्डही सोबत द्यावे व माहेरच्या आरोग्यसेविकेकडे आठवडाभरात नोंद करावी.

उपचार

रक्तदाब आटोक्यात ठेवणारी, गर्भवतीस चालणारी औषधे उपलब्ध आहेत. आकडी टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसून आले. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्यांना त्याच्या गोळ्यांचा लाभ होतो. अधिक धोका असलेल्यांना डॉक्टर अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. विकाराचा खरा शेवट मात्र प्रसूतीनेच होतो. त्यामुळे प्रसूती केव्हा करावी, हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. बाळंतपणानंतरही आकडी येऊ शकते. म्हणून पुढील सहा आठवडे लक्ष ठेवावे.

आकडी ही बाहेरची बाधा नव्हे. अशा वेळी स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अंगारे-धुपाऱ्यात गेलेला वेळ दोन जिवांना महाग पडतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी ही माहिती प्रत्येक घरी पोहोचवावी.