खडा निघाला, तरी जपा!



लागणीच्या नोंदीसाठी आम्ही गटागटांतून फिरतो, तेव्हा उसाबरोबर घरची दुखणीखुपणीही कानावर येतात. गेल्या हंगामात एका सभासदांचा मूतखडा पाठीतून दुर्बिणीने काढला. बाहेर जखम जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणून बाराव्या दिवशी ते रात्री दारे धरायला गेले. पहाटे लघवीतून रक्ताच्या गाठी पडू लागल्या. 'उन्हाळी लागली असेल' म्हणून घरच्यांनी धन्याचे पाणी दिले अन् दुपार घालवली. आम्ही पोचलो तर माणूस पांढराफटक! जीपमध्ये घालून नेले. वाचले, पण थोडक्यात.

ही पद्धत १९७६ साली स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी प्रसिद्ध केली. ती चांगलीच आहे. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांतून जातो. आतली एखादी रक्तवाहिनी दुखावली, तर तिला फुगा येऊन तो एक ते तीन आठवड्यांनीही फुटू शकतो. असे थोड्यांनाच होते. पण झाले तर वेळ दवडून चालत नाही.

सुरुवातीचे काही दिवस लघवी गुलाबी होते, त्याला घाबरू नये. मात्र लघवी लालभडक झाली, गाठी पडल्या, लघवी तुंबली, चक्कर वा घाम आला, थंडी वाजून ताप भरला, तर तडक दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावे. लघवी तुंबली असता पाणी पाजत बसू नये.

दवाखान्यात सलाईन व गरजेप्रमाणे रक्त देतात, नळी घालून गाठी धुतात. बहुतेकांचे रक्त विश्रांतीनेच थांबते. न थांबल्यास जांघेतून बारीक नळी नेऊन फुटलेली तेवढीच वाहिनी बंद करतात. फुटक्या पाटाचे एकच दार बुजवावे, तसे. बहुधा मूत्रपिंड वाचते. ही सोय सगळीकडे नसते. ती कुठे आहे, हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवावे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. मनाने बंदही करू नये, चालूही करू नये. दुखण्याची गोळीही विचारूनच घ्यावी. डॉक्टर 'हो' म्हणेपर्यंत मोळी, खताचे पोते उचलणे अन् ट्रॅक्टर चालवणे बंद.

पाण्याची पाळी चुकली तर शेजारी धरील, नाहीतर आम्हाला सांगा. गेलेला माणूस मात्र पुढच्या पाळीला येत नाही.

— ऊस विकास अधिकारी