विमान हललं, की मीटर सुरू!

"मोठेपणी कोण होणार?" असं बाईंनी विचारलं, की वर्गातले निदान चार-पाच हात तरी "पायलट!" म्हणून वर जातात. आणि का जाऊ नयेत? पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हातात चाकांची बॅग, आज दिल्ली तर उद्या दुबई! शिवाय पगार? "लाखांत असतो म्हणे," असं घरातली मोठी माणसंही मान डोलावून सांगतात.

दोस्तांनो, यातलं बरंचसं खरं आहे. पण ते पंधरा-वीस वर्षं विमान चालवलेल्या कॅप्टनच्या बाबतीत खरं आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पायलटचं काय? त्याला पैसे किती मिळतात, तो राहतो कुठे, झोपतो कधी? तुम्ही म्हणाल, हे त्याचं तो बघेल! पण तसं नाही. हे प्रश्न त्याच्या मागे बसलेल्या प्रत्येक प्रवाशाचे आहेत. अमेरिकेला ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून कळली. आज तीच हकिकत पाहू या.

तीन पट्ट्या आणि एक मीटर

कॅप्टनच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहवैमानिकाच्या खांद्यावर तीन. नवा पायलट सहवैमानिक म्हणूनच सुरुवात करतो.

अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्या आहेत, तशा गावोगावी लहान विमानं नेणाऱ्या छोट्या कंपन्याही आहेत. गंमत अशी, की या छोट्या विमानांवर रंग आणि नाव बहुतेक वेळा मोठ्या कंपनीचंच असतं. तिकीटही तिचंच. पण विमान चालवणारा माणूस मात्र छोट्या कंपनीचा नोकर! तिथले बरेचसे नवे पायलट अशाच कंपन्यांत लागतात. येताना डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं. विमान चालवायला शिकण्याचा खर्च तिथे आज लाख डॉलरच्या आसपास जातो.

आता पगाराची गंमत ऐका. पायलटचा पगार तासांवर मोजतात. पण कुठले तास? रिक्षाचं मीटर आठवा. रिक्षावाला तासभर स्टँडवर उभा राहिला, तर त्याचे पैसे कुणी देतं का? तसंच इथेही. विमान आपल्या जागेवरून हललं की मीटर सुरू आणि मुक्कामी जाऊन उभं राहिलं की मीटर बंद. त्याआधी तासभर लवकर येणं, हवामानाचे आणि इंधनाचे कागद तपासणं, विमानाभोवती फिरून पाहणी करणं, दोन फेऱ्यांच्या मध्ये ताटकळणं, हे बहुतेक ठिकाणी मीटरच्या बाहेर. म्हणजे बारा तास गणवेशात काढले, तरी पैसे पाच-सहा तासांचेच मिळू शकतात. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी असते आणि बाहेरगावी जेवणाखाण्याचा थोडा भत्ता मिळतो, एवढंच.

आता वही-पेन्सिल घ्या बरं! २००९ सालच्या सुमाराला छोट्या कंपन्यांतल्या नव्या सहवैमानिकाला तासाला वीस-बावीस डॉलर मिळत. आपण २१ धरू. २१ गुणिले ७५ म्हणजे महिन्याला १,५७५ डॉलर. वर्षाचे झाले १८,९००. तेव्हाच्या भावानं रुपये केले तर नऊ लाख होतात. पण "वा!" म्हणण्याची घाई करू नका. त्याचं घरभाडं, वाणसामान, कर्जाचा हप्ता सगळं डॉलरमध्येच होतं. न्यूयॉर्कसारख्या शहरात एवढ्या पैशांत साधी खोली भाड्यानं घेतानाही नाकी नऊ यायचे.

यादीत शेवटचा नंबर

पैशांखेरीज आणखी एक गोष्ट नव्या पायलटचं आयुष्य ठरवते, ती म्हणजे ज्येष्ठतेची यादी. कंपनीत ज्या क्रमानं लागलात, तो तुमचा नंबर. ज्याचा नंबर वर, त्याची निवड आधी. कुठलं शहर, कुठलं विमान, कुठल्या सुट्ट्या, सगळं त्यावर ठरतं. शेवटच्या नंबराला उरलंसुरलं! नाताळच्या दिवशी घरी कोण नसतं? नवा पायलट. "राखीव" ड्यूटीवर बॅग भरून फोनशेजारी कोण बसून राहतं? तोच. आणि कंपनी बदलली, तर वीस वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा नव्या यादीत पुन्हा तळाला जातो. सातवीतल्या मुलानं शाळा बदलली म्हणून त्याला पहिलीत बसवावं, तसंच हे.

कामाचं शहरही कंपनीच ठरवते. तिथलं भाडं परवडलं नाही, की पायलट आईवडिलांकडे दुसऱ्याच शहरात राहतो आणि ड्यूटीला विमानानंच येतो. विमानात रिकामी जागा असेल, तर त्याला फुकट बसू देतात. ड्यूटीच्या गावी झोपायला चार-सहा जण मिळून एखादी जागा भाड्यानं घेतात. तिथे एकावर एक पलंग आणि एकच न्हाणीघर! न्यूयॉर्कच्या विमानतळांजवळच्या क्यू गार्डन्स या वस्तीत असे इतके पायलट आणि हवाई सुंदऱ्या राहत, की लोक तिला "क्रू गार्डन्स"च म्हणू लागले.

१२ फेब्रुवारी २००९

त्या रात्री नेवार्कहून बफेलोला एक विमान निघालं. नाव कॉन्टिनेन्टलचं, पण चालवत होती कोलगन एअर ही छोटी कंपनी. सहवैमानिक होती चोवीस वर्षांची तरुणी. ती सिएटलजवळ आईवडिलांकडे राहत होती. सिएटल ते नेवार्क हे अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर! आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून, मेम्फिसला विमान बदलून, सकाळी नेवार्कला पोचली होती. वर सर्दीनं बेजार. दिवसा तिनं विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी विश्रांती घेतली. कॅप्टननंही आदली रात्र त्याच खोलीत काढली होती. विमान सुटलं रात्री सव्वानऊनंतर.

बफेलो जवळ आलं, तसा विमानाचा वेग फार कमी झाला. पंखांवरून पुरेशा वेगानं हवा गेली नाही, तर पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत. तसं होऊ लागलं, की धोक्याची सूचना म्हणून पायलटच्या हातातला दांडा थडथडू लागतो. अशा वेळी विमानाचं नाक खाली करून वेग वाढवायचा असतो. कॅप्टननं दांडा उलट मागे ओढला. विमान एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ जण आणि घरातला एक, असे ५० जण गेले.

चौकशी झाली. मुख्य कारण कॅप्टनची चुकीची हालचाल, असा निष्कर्ष निघाला. वेगावर लक्ष न ठेवणं आणि कंपनीच्या कार्यपद्धतीतल्या त्रुटी, यांवरही बोट ठेवलं गेलं. थकव्यामुळे दोघांच्याही कामावर बहुधा परिणाम झाला होता, पण तो नेमका किती, हे ठरवता आलं नाही. तेव्हा "पगार कमी म्हणून विमान पडलं" असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण जाहीर सुनावणीत नव्या पायलटांचे पगार, त्यांचा लांबचा प्रवास आणि त्यांची झोप पहिल्यांदाच सगळ्या देशासमोर आली. लोक थक्क झाले.

त्याच महिन्यात आणखी एक पायलट अमेरिकेच्या संसदेपुढे बोलला. त्याचं नाव चेस्ली सुलेनबर्गर. १५ जानेवारी २००९ ला दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून १५५ जणांना वाचवणारा हाच तो कॅप्टन! त्यानं सांगितलं, की त्याचा स्वतःचा पगार ४० टक्क्यांनी घटला होता आणि आपल्या मुलांनी पायलट व्हावं असं वाटणारा एकही पायलट त्याला ठाऊक नव्हता.

मग बदललं काय?

अपघातात गेलेल्यांचे नातेवाईक गप्प बसले नाहीत. ते पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला गेले, खासदारांना भेटले. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला. पूर्वी अडीचशे तास विमान चालवलेला माणूस सहवैमानिक होऊ शके. २०१३ पासून त्यासाठी साधारणपणे १,५०० तास लागू लागले. जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या पायलटना ड्यूटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात ८ तास सलग झोपेची संधी देणं सक्तीचं झालं.

आणि पगार? तो मात्र बरीच वर्षं रेंगाळला. पुढे करोनाच्या काळात पुष्कळ अनुभवी पायलट लवकर निवृत्त झाले आणि कंपन्यांना माणसं मिळेनात. तेव्हा २०२२ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या काही छोट्या कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला, तात्पुरता जादा मोबदला धरून, तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. कुठे २१ आणि कुठे ९०! मात्र १,५०० तासांच्या अटीमुळे पायलट कमी पडतात आणि लहान गावांची विमानं बंद होतात, अशी कंपन्यांची तक्रार आजही आहे. नातेवाईक म्हणतात, अट ढिली करू नका. हा वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. झोपेचा प्रश्न मात्र तोच. २०२४ च्या जानेवारीत विमान वाहतूक महासंचालनालयानं नवे नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या कामात विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. ते टप्प्याटप्प्यानं २०२५ मध्ये लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि मुंबई, पुणे, गोव्याला प्रवासी बॅगांवर बसून राहिले, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट कंपनीनं तयार ठेवले नव्हते. शेवटी कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली.

गावात रात्रीच्या मुक्कामाला येणारी एस.टी. पाहिली आहे ना? तिच्या ड्रायव्हरला डास मारत रात्र काढावी लागली, तर सकाळी घाटात गाडीतल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. तेच विमानाचं.

तेव्हा ज्यांचे हात वर गेले होते, त्यांनी ते खाली घेऊ नका! आकाशातून सूर्योदय बघण्याची नोकरी काही सगळ्यांना मिळत नाही. फक्त आईबाबांना सोबत घेऊन तीन गोष्टी करा. फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. खर्चाचा हिशेब मांडताना परवान्यानंतर विशिष्ट विमानासाठी घ्यावं लागणारं महागडं प्रशिक्षण आणि नोकरीची वाट पाहण्याचे महिनेही धरा. आणि एखादा पायलट भेटला, तर चार पट्ट्यांच्या कॅप्टनआधी तीन पट्ट्यांच्या नव्या पायलटला गाठा आणि विचारा, "दादा, काल रात्री झोप किती झाली?"