पाऱ्याचीं रूपें आणि औषध लाविलेलें बियाणें

गेल्या सुगीनंतर आमच्या घरीं गव्हाच्या कोठींत ठेवण्याकरितां बाजारांतून पारद टिकड्या आणिल्या होत्या. त्यांपैकीं एक फुटून दळणांत गेली कीं काय, अशी शंका मंडळींस आली. पारा मुलांनीं हातांत खेळविला तरी कांहीं होत नाहीं, असें एक शेजारी म्हणाले. दुसऱ्यांच्या मतें त्याचा एक थेंब सबंध घर मारील. महसुलांत कारकुनी करितांना एकाच नांवाचे तीन खातेदार मला वारंवार भेटत. नांव एक म्हणून उतारा एक होत नाहीं. पाऱ्याचेंही तसेंच आहे. तो कोणत्या रूपांत आहे, हें पाहिल्यावांचून त्याच्या विषाचा निवाडा करितां येत नाहीं.

शुद्ध धातुरूप पारा पाण्याच्या सुमारें साडेतेरापट जड असतो. तो गिळला गेल्यास आंतड्यांतून रक्तांत फारच थोडा शिरतो, बहुतेक शौचावाटें निघून जातो. शेजाऱ्यांचें म्हणणें तेवढ्यापुरतें खरें. परंतु पाऱ्याची वाफ होते. तिला वास नाहीं, ती दिसत नाहीं, आणि श्वासाबरोबर आंत गेलेल्या वाफेपैकीं शेंकडा ८० च्या सुमारास भाग शरीरांत राहून मेंदूपर्यंत पोहोंचतो. हात कांपणें, झोंप उडणें, स्वभाव चिडखोर होणें, हिरड्या सुजणें हीं त्याचीं लक्षणें. टिकडी किड्यांचीं अंडीं मारते ती ह्याच वाफेनें. तेव्हां जी वस्तु वाफ सोडून काम करिते, ती खावयाच्या धान्यांत ठेवूं नये, हें उघड आहे. तें दळण आम्हीं टाकून दिलें, व टिकड्याही बाहेर काढिल्या. तापमापक फुटल्यास पारा केरसुणीनें झाडूं नये, कारण थेंबाचे शंभर थेंब होऊन वाफ वाढते. खिडक्या उघडून जाड कागदानें तो गोळा करावा व झांकणाच्या बाटलींत बंद करावा. चुलींत तर मुळींच टाकूं नये.

पाऱ्याच्या क्षारांविषयीं थोडक्यांतच सांगतों. पाण्यांत विरघळणारा क्लोराईड पोटांत गेल्यास आंतडीं जाळतो व मूत्रपिंडें बंद पाडतो. हिंगूळ म्हणजे गंधकाशीं बांधलेला पारा. तो विरघळत नसल्यामुळें सौम्य, पण विस्तवावर टाकिला कीं त्यांतून पुन्हां वाफ निघते.

शेतकऱ्यानें अधिक जपावयाचें तें सेंद्रिय पाऱ्यास. बियाण्यावरील बुरशी मारण्याकरितां अशीं औषधें जगभर वापरलीं गेलीं. त्यांतही भेद आहेत. सर्वांत वाईट मिथिल पारा. तो अन्नांतून पोटांत गेला म्हणजे जवळजवळ सगळा रक्तांत उतरतो, मेंदूंत जातो, पोटांतील गर्भासही सोडीत नाहीं. जपानांत मिनामाता येथें १९५६ सालीं उघडकीस आलेला रोग ह्याचाच होता. तेथें तो कारखान्याच्या सांडपाण्यांतून मासळींत उतरला. आमच्या वाचकांस मात्र इराकची हकीकत अधिक जवळची वाटेल.

१९७१ सालीं तेथें अवर्षणानंतर मेक्सिकोंतून गव्हाचें बियाणें मोठ्या प्रमाणावर आणविलें. त्यास मिथिल पाऱ्याचें औषध लाविलेलें होतें, आणि ओळखूं यावें म्हणून तांबूस रंगही दिलेला होता. परंतु पुष्कळ ठिकाणीं तें पेरणी उलटून गेल्यावर पोहोंचलें. टंचाईच्या वर्षीं उशिरां आलेल्या बियाण्याची वाट कोणीकडे जाते, हें दप्तरांत बसणाऱ्यासही ठाऊक असतें: जात्याकडे. पोत्यांवरील सूचना परक्या भाषेंत होत्या. कवटीच्या चित्राचा अर्थ खेड्यांत कोणास लागेना. लोकांनीं धान्य धुतलें, रंग गेला, म्हणजे विषही गेलें असें समजले. कित्येकांनीं तर शहाणपणानें तें आधीं कोंबड्यांस व गुरांस घालून पाहिलें. दिवसामागून दिवस गेले, जनावरें ठणठणीत! मग घरोघर भाकरी झाल्या.

ह्या विषाची खोड अशी कीं तें लगेच बोलत नाहीं. खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनीं ओंठांभोंवतीं व बोटांस मुंग्या येऊं लागल्या, मग चाल अडखळली, बोलणें जड झालें, दृष्टि आकुंचित होत गेली. तोंवर पोतीं संपत आलीं होतीं. ६,५३० माणसें इस्पितळांत दाखल झालीं, त्यांपैकीं ४५९ तेथें मरण पावलीं. घरीं मेलेल्यांची गणती ह्यांत नाहीं. ज्या गरोदर बायकांस स्वतःला फारसा त्रास झाला नाहीं, त्यांचींही कित्येक मुलें मेंदूस इजा होऊन जन्मलीं.

आपल्याकडे उसाचें बेणें व बटाटे बुडवून काढण्याकरितां जें पारायुक्त औषध वापरीत, तें मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराईड. तें मिथिल पाऱ्याइतकें चिवट नाहीं, तरी विषच. २०१८ सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. असा जुना डबा कोणाच्या गोठ्यांत वा माळ्यावर पडलेला असल्यास तो विहिरींत, ओढ्यांत किंवा उकिरड्यांत रिकामा करूं नये, जाळूंही नये. झांकण घट्ट लावून, मुलांच्या हातीं न लागेल असा वेगळा ठेवावा, आणि तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यांस लेखी कळवून अर्जाची पोंच घ्यावी.