पेट्रोल, डबे आणि हिशोबाची वही

अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं मंडळाच्या ग्रुपवर आलं तेव्हा माझ्याकडे ना कविता होती, ना कथा. होती एक शंभरपानी वही, पेट्रोलच्या हिशोबाची. तेव्हा यावेळी तीच देते आहे.

आमच्याकडे आई डबे करते. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये शिकणारी बाहेरगावची मुलं आणि दोन-तीन घरं मिळून बावीस डबे, दोन्ही वेळचे. ते बाबा स्कूटरवर पोचवतात. राजेंद्रनगरहून निघून सगळीकडे फिरून परत यायचं, दिवसातून दोनदा, म्हणजे तीस किलोमीटर. गेल्या वर्षी आईने डब्यामागे पाच रुपये वाढवले तर तीन मुलांनी डबा बंद केला. त्यामुळे पेट्रोल वाढलं की ते आमच्याच खिशातून जातं. एकदा रात्री बाबा म्हणाले, "यात आता सुटतं किती, तेच कळत नाही." त्या दिवशी मी वही केली.

पहिला प्रश्न मलाच पडला होता की बडोद्याचे काका इंदूरला आले की "तुमच्याकडे पेट्रोल फारच महाग बुवा" असं का म्हणतात? देश एकच, पेट्रोलही तेच. मग गुजरातेत लिटरमागे इतके रुपये कमी कसे? उत्तर करात आहे. पेट्रोल जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, ते सगळीकडे सारखं. राज्याचा व्हॅट मात्र प्रत्येक राज्याचा वेगळा. आपल्या मध्यप्रदेशात तो २९ टक्के, वर लिटरला अडीच रुपये आणि एक टक्का उपकर. २०२१ च्या नोव्हेंबरआधी तर ३३ टक्के आणि साडेचार रुपये होते.

आता गंमत बघा. समजा तेलाची किंमत, केंद्राचं शुल्क, पंपवाल्याचं कमिशन मिळून ८० रुपये झाले. त्यावर २९ टक्के म्हणजे २३ रुपये २० पैसे, अडीच रुपये आणि उपकराचे ८० पैसे. बेरीज १०६ रुपये ५० पैसे. आपल्या पंपावर साधारण हाच आकडा दिसतो. म्हणजे राज्याचा कर केंद्राच्या करावरही बसतो. आणि टक्केवारीचा कर असल्यामुळे मागे एक रुपया वाढला की आपल्यापर्यंत येईतो तो एक रुपया तीस पैसे होतो.

जगात कच्चं तेल स्वस्त झालं तरी इथे भाव का उतरत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या भावावरचं सरकारी नियंत्रण काढलं, १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलायला लागले. कागदावर तरी तेल उतरलं की भाव उतरायला हवा. पण एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने शुल्क दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा भाव तसाच राहिला. वाढ तेल कंपन्यांनी सोसली असं म्हणतात. मला विचाराल तर, जी उतार आपल्यापर्यंत यायला हवी होती ती वाटेतच मुरली.

हे सगळं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं. मग करायचं काय?"

व्हॉट्सअ‍ॅपवर उपाय पुष्कळ आहेत. पहाटे पेट्रोल भरा, थंडीत ते दाट असतं, जास्त मिळतं. हे अर्धवट खरं. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचतच नाही. शंभरऐवजी एकशेदहाचं भरा, हा दुसरा. मशीन लिटर मोजतं, रुपये नव्हे. आकडा कोणताही सांगा, काही फरक पडत नाही. त्यापेक्षा शून्य बघा, भाव बघा, आणि शंका आली तर पंपावरचं पाच लिटरचं माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि ग्राहकाला मागायचा हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो, त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. मी एकदा मागितलं. पंपावरचा मुलगा आधी हसला, मग त्याने आणलं. माप बरोबर निघालं, आणि माझ्या मागच्या रांगेतल्या भिया लोकांची बोलणी मला खावी लागली ती वेगळीच.

खरा उपाय वहीतून निघाला. टाकी फुल करायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची, जेवढे लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरना भागायचं. एकदा करून चालत नाही, तीन-चार वेळा केलं की खरा आकडा कळतो. बाबा सगळ्यांना "पंचेचाळीस देते" असं सांगायचे. वही म्हणाली अडतीस. बाबांना हे आवडलं नाही. दोन दिवस ते वहीवरच रागावले होते.

मग मिस्त्रीकडे नेली. मागच्या चाकात हवा निम्मीच होती, मागचा ब्रेक थोडा घासत होता, एअर फिल्टर धुळीने बुजलेला. (आपल्याकडे मेट्रोसाठी, नाहीतर कशासाठी तरी, रस्ते कायम खोदलेले, धूळ जाणार कुठे?) साडेचारशे रुपये लागले आणि गाडी चव्वेचाळीसवर आली. आता दर सोमवारी हवा, आणि सिग्नल अर्ध्या मिनिटाहून मोठा असेल तर इंजिन बंद. थोडी घट इथेनॉलचीही आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश कमी. तेवढं मात्र आपल्या हातात नाही.

पण सगळ्यात मोठी बचत गाडीत नव्हतीच, रस्त्यात होती. बाबा ज्या क्रमाने डबे लागले त्याच क्रमाने पोचवत होते: जुनं गिऱ्हाईक आधी. मी नकाशा काढला, क्रम बदलला, एका हॉस्टेलच्या चार मुलांना एकाच दारावर डबे घ्यायला तयार केलं. तीस किलोमीटरचे चोवीस झाले. हिशोब असा: महिन्याचे सव्वीस दिवस, तीस किलोमीटर, अडतीसचं अ‍ॅव्हरेज, तर पेट्रोल सुमारे २,१८६ रुपये. दुरुस्तीनंतर १,८८८. रस्ता बदलल्यावर १,५१०. यंत्राने तीनशे वाचवले, डोक्याने पावणेचारशे.

इलेक्ट्रिक स्कूटरचाही हिशोब केला. युनिट सात रुपये आणि युनिटमागे तीस किलोमीटर धरले तर किलोमीटरला पंचवीस पैशांच्या आत. पेट्रोलचे दोन रुपये चाळीस. महिन्याला तेराशेच्या वर वाचतील, पण लाखाच्या गाडीचा तीन वर्षांचा हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त. जुनी गाडी मोडीत निघेल तेव्हा बघू. ज्यांना तशीही नवी गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी मात्र हा हिशोब आधी करावा.

वहीत एक डबा अजून बसत नाही. सुदामानगरात एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या एका डब्यासाठी तीन किलोमीटर वाकडं जावं लागतं. मी आईला म्हटलं, "हा एक बंद केला तर अठरा किलोमीटरच होतील." आई पोळी लाटत होती. म्हणाली, "अगं, त्या बाबांची वाट बघतात. डबा घेतात आणि दहा मिनिटं मराठीत बोलतात. ते तुझ्या वहीत कुठे लिहिलंय?"

तो डबा चालू आहे. दोन्ही वेळचे मिळून सहा किलोमीटर, महिन्याचे साधारण ३७८ रुपये. मी तो आकडा आता डब्यांच्या खर्चात न धरता घरखर्चात लिहिते.