एका दिवसाचा खंड

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांमध्ये नव्या निश्चयाने आलेली मंडळी नेहमीच असतात. त्यांतला एखादा गृहस्थ घ्यावा. डॉक्टरांनी त्याला मधुमेहाची सूचना दिलेली आहे. तीन आठवडे तो नेमाने चालतो, घरी आलेला कुंदा दूर सारतो. मग निपाणीला नात्यातले लग्न निघते. पंगतीत आग्रहाने जिलेबी खाल्ली जाते, दोन पहाटा बुडतात. परत आल्यावर तो मनाशी म्हणतो, ‘सारे वाया गेले, आपल्या हातून हे होणे नाही.’ आणि चालणे कायमचे थांबते.

येथे नुकसान केले कोणी? दोन दिवसांच्या खंडाने नव्हे, तर त्या खंडाचा जो अर्थ लावला गेला त्याने. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. एका चुकीला जो आपल्या दुबळेपणाचा पुरावा मानतो, तो पूर्वपदावर घसरण्याचा संभव अधिक. तंबाखूची पेठ म्हणून नावाजलेल्या निपाणीत ज्यांनी तंबाखू सोडण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

सवय जडते कशी, याचा अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 व्यक्तींवर केला व तो 2010 साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारणपणे 66 दिवस लागतात. मात्र कोणास 18, तर कोणास 254 दिवसही लागू शकतात, असे त्यात आढळले. महत्त्वाचे हे की, एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

वजनाचा काटाही मनाला फसवतो. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे शरीर हलके होते तसतशी त्याची ऊर्जेची गरजही घटते आणि काटा अडून बसतो. हा शरीराचा धर्म आहे, निश्चयातला दोष नव्हे. केवळ मनोबलाने वजन उतरते असेही नाही. आजार, औषधे, अपुरी झोप यांचाही त्यात हात असतो, आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्लाच घ्यावा लागतो.

ध्येय मात्र वाटते तितके दूर नसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. वजन शेकडा 7 ने घटवावे आणि आठवड्यास 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करावा, एवढेच उद्दिष्ट त्यात होते. तरीही मधुमेह जडण्याचे प्रमाण शेकडा 58 ने कमी झाले. 80 किलोच्या माणसाला हे सुमारे साडेपाच किलो होतात. रोज अर्धा तास चालल्यास आठवड्यातील दोन दिवस सुटले तरी हिशेब पुरा होतो!

कुस्तीवर जीव टाकणाऱ्या या सीमाभागाला खाशाबा जाधवांची आठवण करून द्यावी लागत नाही. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये लाल मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटवर लढावे लागले आणि सहाव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्या निकालाला त्यांनी अखेरचा निवाडा मानले नाही. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

म्हणून लग्नाला निघण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवून ठेवावी : परतल्यानंतरच्या पहिल्या पहाटे, निदान पंधरा मिनिटे तरी, मैदानावर जायचे. गमावलेले भरून काढण्यासाठी उपास नको, की दुप्पट चालणेही नको. तालमीत चीत झालेला पोरगा अंगावरची माती झटकतो आणि पुन्हा जोडीसमोर उभा राहतो. त्या गृहस्थालाही एवढेच करायचे आहे.