दोन प्याद्यांनी पुढे, तरी बरोबरी

पटावर दोन राजे आणि दोन हत्ती उरलेत. पांढऱ्याकडे दोन प्यादी जास्तीची, एक एफ-पट्टीत आणि एक एच-पट्टीत. काळ्याकडे एकही नाही. शाळेतल्या पोराला विचाराल तर म्हणेल, पांढरा जिंकला. सत्तर-ऐंशीच्या दशकातला संगणकही तेच म्हणाला असता. मुरलेला ग्रँडमास्टर मात्र काळ्याच्या बाजूने बसायला फारसा कचरत नाही, कारण नीट बचाव केला तर हा डाव सहसा बरोबरीत सुटतो.

हत्तींच्या शेवटात असं नेहमीच होतं. पटाच्या एकाच बाजूला चार प्यादी विरुद्ध तीन असली तरी बहुधा बरोबरीच. उलट प्यादी सारखी असूनही एकाचा हत्ती मोकळा आणि दुसऱ्याचा प्यादी राखण्यात जुंपलेला असेल, तर दुसऱ्याचं काही खरं नाही. त्या काळच्या प्रोग्रामला मुळात शिकवलेलं असायचं ते वजनाचं कोष्टक: वजीर नऊ, हत्ती पाच, प्यादं एक. मग तो मधल्या डावात एक प्यादं कमवायचा, खुशीने मारामारी करून मोहरे कमी करायचा आणि एक प्यादं वर असूनही अर्ध्या गुणावर अडायचा. कोष्टक चूक नव्हतं. हत्तींच्या शेवटाला ते लागू पडत नव्हतं, एवढंच.

दुसरी अडचण नजरेच्या पल्ल्याची. यंत्र ठरावीक चालींपर्यंतच पुढचं पाहतं आणि त्यापलीकडचं त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा जगज्जेता आणि संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर याने या दोषाला क्षितिजाचं नाव दिलं. हत्ती हे तर शह देत सुटणारं मोहरं. चार फुकटचे शह दिले की येणारं संकट क्षितिजापलीकडे ढकललं जातं आणि यंत्राला वाटतं, टळलं.

लुसेनाची स्थिती घ्या. (नाव लुसेनाचं, पण त्याच्या १४९७ च्या पुस्तकात ती नाहीच. ती सापडते १६३४ च्या साल्व्हिओच्या पुस्तकात.) पांढऱ्याचं प्यादं जी-पट्टीत सातव्या घरात, त्याच्यापुढे आठव्या घरात त्याचाच राजा. काळ्याचा हत्ती एच-पट्टी अडवून बसलेला, म्हणून राजाला तिकडून बाहेर पडता येत नाही. पांढरा आधी एक शह देऊन काळ्या राजाला आणखी एक पट्टी लांब हटवतो आणि मग हत्ती चौथ्या ओळीत आणून ठेवतो. बघणाऱ्याला वाटावं, ही काय चाल? ना शह, ना मार. पुढे राजा बाहेर निघतो, काळा मागून शह देत राहतो, राजा एकेक पायरी खाली उतरतो आणि चौथ्या शहाला तोच हत्ती मध्ये येऊन उभा राहतो. आता प्याद्याचा वजीर होणार, कुणी अडवू शकत नाही. पहिल्या निरुद्देश वाटणाऱ्या चालीपासून हत्ती आडवा येईपर्यंत दोघांच्या मिळून अकरा चाली होतात. पाच-सहा चालींवर थांबणाऱ्या यंत्राला ती पहिली चाल का करायची हे कळणार कसं? माणसाला ते गणित करावंच लागत नाही, त्याने ही युक्ती लहानपणी घोकलेली असते.

यावर बेल लॅब्जमधल्या केन टॉम्सनने काढलेला तोडगा मला अजूनही थोडा उद्धट वाटतो. हा युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक. त्याने यंत्राला हत्तींचा खेळ शिकवण्याचा नाद सोडला आणि उलटा हिशेब मांडला. मात झालेल्या सगळ्या स्थिती घ्यायच्या, तिथून एकेक चाल मागे यायचं आणि प्रत्येक स्थितीपुढे निकाल लिहून ठेवायचा. विचार करायलाच नको, पाढ्यासारखं पाहून सांगायचं.

निकालांच्या या कोषाची चव चाखली ती अमेरिकेचा अनेकदा विजेता ठरलेल्या वॉल्टर ब्राऊनने. एकट्या वजिराने एकट्या हत्तीवर मात करणं पुस्तकांत सोपं म्हणून सांगितलेलं. ब्राऊनने वजीर घेतला, हत्ती टॉम्सनच्या ‘बेल’ या यंत्राकडे, आणि पन्नास चालींत जिंकण्यावर शंभर डॉलरची पैज लागली. डाव अचूक खेळून एकतीस चालींत संपणारा. पण पुस्तकं सांगतात, बचावात हत्ती राजाला चिकटून ठेवा. यंत्राने तो खुशाल लांब नेला. ब्राऊन गोंधळला आणि पैज हरला. मग अभ्यास करून परत आला आणि दुसऱ्या खेपेला नेमक्या पन्नासाव्या चालीला हत्ती मारला. माणूस कच्चा होता म्हणून हे झालं नाही. शतकानुशतकांचं पाठांतरच अर्धवट निघालं.

पण कोषाला मर्यादा आहे मोहऱ्यांच्या संख्येची. लुसेना पाच मोहऱ्यांची, सुरुवातीची ती दोन प्याद्यांची स्थिती सहांची. चार विरुद्ध तीन प्याद्यांचा डाव मात्र राजे-हत्ती धरून अकरांचा होतो. सात मोहऱ्यांचा पहिला पूर्ण कोष २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर झाला, तो होता सुमारे १४० टेराबाइटचा. २०१८ मध्ये सिझिजी पद्धतीने सातांचाच कोष सतरा टेराबाइटच्या आसपास बसवला गेला. त्यापलीकडे यंत्राला स्वतःच खेळावं लागतं. म्हणूनच २००२ मध्ये बहारीनला व्लादिमीर क्रामनिकने ‘डीप फ्रिट्झ’ या प्रोग्रामविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्या डावात आठ चालींच्या आत वजीर उतरवून टाकले आणि तो डाव जिंकला. सामना ४-४ सुटला. आज ही खेळी चालणार नाही. २०२० पासून स्टॉकफिश या प्रोग्राममध्ये न्यूरल नेटवर्क बसलं आहे, आणि हत्तींच्या शेवटात त्याला माणसाने अडवण्याचे दिवस गेले.

माणसामाणसांत मात्र हा शेवट तितकाच निसरडा राहिला आहे. १६ नोव्हेंबर २०१३, चेन्नई, विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव. पटावर हत्तींचा शेवट, अचूक खेळलं तर बरोबरी. साठाव्या चालीला आनंदने बी-पट्टीतलं प्यादं दोन घरं ढकललं असतं तर डाव वाचला असता. त्याने हत्ती हलवला. कार्लसनने एच-पट्टीतलं प्यादं पुढे करून मारायला दिलं, हत्ती जी-पट्टीतच मागे घेतला आणि एफ-प्यादं सोडलं धावत. ६७ व्या चालीनंतर आनंदने डाव सोडला. आदल्याच दिवशीचा पाचवा डावही तो असाच, हत्तींच्या शेवटात हरला होता.